मदत हवी आहे: लेकरांसह कुटुंब पुलाखाली झोपतंय, कुठे न्यावं?

पुलाजवळचा_दुकानदार
लवकर सांगा, रात्रीच्या आत. माझ्या दुकानासमोर पुलाखाली एक कुटुंब आठ दिवसांपासून झोपतंय. थंडी किती आहे ते तुम्हाला माहीतच आहे. निवाऱ्यावर घेऊन गेलो तर म्हणे बापे इकडे, बाया तिकडे, आणि लेकरं आणू नका. सरकारचं काहीतरी असेलच ना? कोणाला भेटू, कोणता फॉर्म भरू?

सातपुडा_पायथा
लेकरं केवढी? गाव कोणतं? रेशनकार्ड आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

केळी_रावेर
पंतप्रधान आवासमध्ये नाव टाका. आमच्या शेजाऱ्याला घरकुल मिळालं, हप्त्याहप्त्याने पैसे आले.

मास्तरीणबाई
दादा, घरकुलाला जागा लागते, यादीत नाव लागतं. पोर आज रात्री कुठे झोपणार ते बोला.

केळी_रावेर
पण घर हाच कायमचा उपाय ना? जागा नसली तर दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, ५०० चौरस फुटांपर्यंत. नुसत्या निवाऱ्यात किती दिवस काढणार?

पुलाजवळचा_दुकानदार
अहो, आजचं विचारतोय मी! मुलगी सहा वर्षांची, पोरगा चौदा महिन्यांचा. गाव धडगावकडचं. केळी कापायला आले होते, मुकादमाने हिशोब न करताच काढून दिलं. रेशनकार्ड आहे, पण ते तिकडचं, इथे काय कामाचं?

सातपुडा_पायथा
कामाचं आहे! एक देश एक रेशनकार्ड आहे, कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. केवायसी झालेली हवी. दुकानदार नाही म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जा.

जळगावची_ताई
लाडकी बहीणची केवायसी अजून होतेय का? माझ्या नणंदेचे १,५०० थांबलेत.

अहिराणी_भाऊ
ताई, तो धागा येगळा शे. आठे पोरांनं चाललंय.

रात्रपाळी
सरळ १०९८ लावा, मुलांसाठीची मदतीची लाइन आहे. चोवीस तास चालू असतो.

केळी_रावेर
लावू नका! पोरं उचलून बालगृहात टाकतील, आई रडत बसेल.

मास्तरीणबाई
असं घाबरवू नका. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये बेघर मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज’ या व्याख्येत येतं, हे खरं. पण संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. आईबाप सोबत आहेत, सांभाळताहेत, हे फोनवर आधी सांगा. आणि मुलीला जवळच्या शाळेत घेऊन जा. दाखला, जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मी वर्गात अशा तीन पोरी बसवल्यात, दुपारचं जेवण तरी पोटात जातं.

सातपुडा_पायथा
निवाऱ्याचं ऐका. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय, शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, बारा महिने चोवीस तास उघडा. शहरी गरिबांसाठीच्या नागरी उपजीविका अभियानाच्या (२०२४ पर्यंत चाललं) सूचनांमध्ये कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्याचीही तरतूद होती. पालिकेत निवाऱ्याचं काम आता कोण बघतं ते विचारा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या, पोचेचा शिक्का घ्या. तोंडी बोलून उपयोग नाही.

आणि एक राहिलं. गावाकडचं घर आहे का?

पुलाजवळचा_दुकानदार
पावसाळ्यात पडलं. म्हणूनच तर बाहेर पडले.

सातपुडा_पायथा
हे आधी सांगायचं ना! पंचनामा झालाय का? तलाठ्याने काय लिहिलंय ते पाहा. २०२२-२६ च्या मदतीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १,२०,०००, डोंगरी भागात १,३०,०००. तेच ‘झोपडी’ लिहिलं की ८,०००. एका शब्दाचा फरक! आमच्या पाड्यावर मातीच्या भिंतींच्या घराला झोपडी लिहून मोकळे झाले होते, पुन्हा पंचनामा करायला लावला.

अंगणवाडी_ताई
सगळं वाचलं, पण पोराचं वजन कोणी विचारलं नाही. चौदा महिन्यांचा आहे, टीएचआर म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार मिळतो, आईचं आधार चालतं, बाळाचं लागत नाही. स्थलांतरित लेकरू कोणत्याही अंगणवाडीत नोंदवता येतं. आधी दंडाचा घेर मोजून घ्या.

पुलाजवळचा_दुकानदार
आत्ताच जाऊन आलो. अंगणवाडीच्या बाईंनी पट्टी लावली, माप लाल पट्ट्यात आलं, ११.२ सेंमी. पोरगं रडलंसुद्धा नाही, नुसतं बघत बसलं. आई म्हणाली चार दिवसांपासून असंच आहे.

अंगणवाडी_ताई
११.५ च्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषित. रात्र निवाऱ्यात घालवू नका. पोषण पुनर्वसन केंद्र सरकारी रुग्णालयात असतं, आईला सोबत राहू देतात, दोघांचं जेवण तिथेच. बाईंकडून चिठ्ठी घ्या, १०८ बोलवा. ताप आहे का? पाणी पितोय का? पायाला सूज?

पुलाजवळचा_दुकानदार
पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतोय. चिठ्ठी घेतली. १०८ ला फोन लागलाय. मुलगी आणि बाप माझ्या दुकानात झोपतील आज. अर्ज सकाळी देतो, मजकूर कोणी लिहून द्याल का?

मास्तरीणबाई
देते. बापाचं आणि मुलीचं आधारवर असलेलं नाव तेवढं खासगीत पाठवा.