जंगल वाचवायचं तर कर्ज अडवा, की गावाला हक्क द्या?

सीताबर्डीकर:
ब्राझीलला जमलं ते आपल्याला का जमत नाही? २००४ मध्ये तिथे ॲमेझॉनचं २७ हजार चौ. किमीहून जास्त जंगल एका वर्षात साफ झालं. २०१२ मध्ये आकडा साडेचार हजारांच्या आसपास आला. उपग्रहावरून तोड लगेच दिसू लागली, पथकं पोचू लागली, जास्त तोडीच्या भागांची यादी जाहीर झाली. खरा घाव २००८ चा: जमिनीचे कागद नाहीत, पर्यावरणाचे नियम पाळलेले नाहीत, तर ॲमेझॉनमध्ये शेतीकर्ज नाही. जूनमध्ये कर्ज अडलं की काय होतं, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. आपल्याकडेही बँकांना हेच बंधन घाला.

मोहफूल:
कर्ज कोणाचं अडवता, भाऊ? तिथे गुरांच्या कुरणासाठी जंगल जातं. आपल्याकडे खाण, रस्ता, कालवा यांच्यासाठी जातं, तेही रीतसर परवानगीने. उपग्रहाला तोड दिसेलही, पण परवानगी खिशात असलेल्यावर पथक कसं धाडणार? वर बदल्यात 'पर्यायी वनीकरण'. नागपूरपासून तासाभराच्या अंतरावरचं एक मी मे महिन्यात पाहिलं. मुरमाड माळ, रांगेत खड्डे, प्रत्येक खड्ड्यात करंगळीएवढी सागाची काडी. हात लावला तर कट्कन मोडली. जवळ पाण्याचा थेंब नव्हता. फलकाचा रंग मात्र ताजा होता. त्या दिवशी मला रडू आलं, खरंच.

उपाय गडचिरोलीत आहे. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा तो हक्क खरा झाला. बांबू ज्याचा, राखण त्याची.

वर्धा रोडवरून:
दोघांनाही विचारतो, आधी मोजता काय? एक हेक्टरहून मोठी जमीन आणि १० टक्क्यांवर झाडांचं छत्र असलं की सरकारी अहवालात ते वनाच्छादन. जमिनीची मालकी कोणाची, झाड कोणतं, हे पाहत नाहीत. काटोलकडची संत्र्याची बागही त्यात बसू शकते. मग जुनं सागवन गेलं आणि बागा वाढल्या, तरी आकडा जागच्या जागी! आणि मेंढ्याचं म्हणाल, तर तिथे सर्वसहमतीने निर्णय घ्यायची अनेक वर्षांची सवय होती. ती नसलेल्या गावात ठेकेदार ग्रामसभेच्या रजिस्टरवर सह्या गोळा करून नेईल.

सीताबर्डीकर:
संत्र्याचा मुद्दा मान्य, आकडे वेगळे द्यायलाच हवेत. पण धाक हवाच. ब्राझीलमध्ये २०१९ नंतर सरकारने हात सैल सोडला आणि २०२१ मध्ये तोड १३ हजार चौ. किमीवर गेली. उपग्रह तेव्हाही वर फिरतच होते. मारिना सिल्वा २०२३ मध्ये पुन्हा पर्यावरणमंत्री झाल्या आणि २०२४ पर्यंत आकडा निम्म्याखाली आला.

मोहफूल:
हेच तर सांगतोय, राजेहो! मंत्री बदलला की जंगल उघडं पडतं. गाव बदलत नाही. तिथेही आदिवासींच्या प्रदेशांत तोड आजूबाजूपेक्षा कमीच राहिली. सह्यांची भीती मलाही आहे, म्हणूनच ग्रामसभेचा नकार शेवटचा धरा. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या १२ ग्रामसभांनी २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नाही म्हटलं. खाण झाली नाही.

सीताबर्डीकर:
त्या ग्रामसभा भरल्या सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल २०१३ च्या आदेशाने. त्याआधी गाव तिथेच होतं, वनहक्काचा कायदाही २००६ पासून होता. वरून धाक आला तेव्हाच गावाला विचारलं गेलं ना?