टॉमीज ऑनर: गोल्फरवरच्या चित्रपटात गोल्फ किती असावं?

बेल्टधारी (धागाकर्ता)

'टॉमीज ऑनर' (२०१६, दिग्दर्शक जेसन कॉनरी) न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजचे टॉम मॉरिस आणि त्यांचा मुलगा टॉमी यांची ही गोष्ट. बाप चार वेळा ओपन, म्हणजे गोल्फची सर्वांत जुनी मोठी स्पर्धा, जिंकला (१८६१, ६२, ६४, ६७), मुलगाही चार वेळा (१८६८, ६९, ७०, ७२). १८६८ साली मुलानं हे अजिंक्यपद थेट बापाकडून घेतलं. मुलगा १८७५च्या नाताळच्या दिवशी वयाच्या चोविसाव्या वर्षी वारला. पीटर मुलन बाप, जॅक लोडन मुलगा. बाफ्ता स्कॉटलंडचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही याला मिळाला.

अभिनय उत्तम, कपडेपट उत्तम, समुद्रावरचं ते करडं आभाळही उत्तम. तक्रार एकच. टॉमी इतरांपेक्षा भारी होता म्हणजे नेमकं काय करायचा, हे चित्रपट बघून कळत नाही. प्रेम, लग्न, चर्च, बापाशी वाद यांना ऐसपैस जागा, आणि खेळ म्हणजे दोन भांडणांच्या मधलं संगीत.

१८७०ची ओपन घ्या. प्रेस्टविकचं मैदान तेव्हा १२ होलचं, एका दिवसात तीन फेऱ्या, एकूण ३६ होल. टॉमीनं ते १४९ फटक्यांत संपवले, दुसऱ्या क्रमांकाला १६१. पहिलाच होल ५७८ यार्डांचा, म्हणजे जवळजवळ ५३० मीटर, आणि तो तीन फटक्यांत. त्या काळच्या बॉलनं चांगला फटका १८०-१९० यार्ड जायचा. दोन फटके वजा करा. उरतात २०० यार्ड, आणि तिथून तिसरा फटका थेट होलमध्ये. सलग तीनदा जिंकल्यामुळे लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीच्या बकलचा बेल्ट कायमचा त्याचा झाला. द्यायला बक्षीसच उरलं नाही म्हणून १८७१ साली स्पर्धा झाली नाही. १८७२ साली टॉमीनं क्लॅरेट जग हा नवा चषकही उंचावला. एवढा मालमसाला हाताशी असताना पडद्यावर त्याचा थरार का नसावा?

रटआयर्न

असहमत. आकड्यांचा थरार हवा असेल तर गुणतक्ता वाचावा. हा चित्रपट पैजेचा पैसा कोणाच्या खिशात जातो याबद्दल आहे, आणि ते त्यानं नेमकं पकडलंय.

त्या काळी व्यावसायिक खेळाडू म्हणजे कॅडी (साहेबांचं खेळाचं सामान वाहणारा), बॉल बनवणारा, गवत राखणारा. खेळायचा तो, पैज लावायचे सद्‌गृहस्थ. शंभर-शंभर पौंडांची पैज जिंकली की रक्कम साहेबांची आणि खेळाडूला त्यांच्या मर्जीनं बक्षिसी. ओपनच्या विजेत्याला रोख रक्कम पहिल्यांदा मिळाली १८६४ साली, ती ६ पौंड, आणि ती घेणारा हाच बाप. टॉमी एअर अकॅडमीत बड्या घरच्या मुलांबरोबर शिकलेला. बाप टोपी काढून उभा राहायचा, पोराला ते जमेना. त्यानं आधी पैशाचं बोला म्हटलं, तो खरा स्फोट. सॅम नीलनं उभा केलेला क्लबचा कॅप्टन बूथबी त्याच्याशी कसा बोलतो ते पुन्हा बघा.

आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुण्यात दलित गोलंदाज पाळवणकर बाळूंनी साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास बॉलिंग टाकायची, बॅट हातात मिळणार नाही. पुढे हिंदू संघानं घेतलं, तर चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. तिथे वर्ग, इथे जात, उंबरठा तोच. बाळूंवर चित्रपट काढला आणि कोणी म्हणालं की डावखुऱ्या फिरकीत बोटं कुठे होती ते दाखवलं नाही, तर काय म्हणाल?

बेल्टधारी

म्हणेन की दाखवायलाच हवं होतं. बोटांमुळेच तर त्यांना संघात घेणं भाग पडलं. कौशल्य दाखवलं नाही तर अन्याय नुसता ऐकीव राहतो.

गुट्टी२८

धागाकर्त्यांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. या कथेचं मूळ बॉलमध्ये आहे आणि चित्रपटानं नेमका तोच धागा सोडला.

आधीचा बॉल पिसांचा. तुरटीत भिजवलेल्या चामड्याचे तुकडे शिवायचे, उलटवायचे, बारीक भोकातून टोपीभर उकडलेली पिसं दाबून भरायची. चामडं वाळताना आकसतं, पिसं फुगतात, बॉल दगडासारखा होतो. कुशल कारागिराचे दिवसाला तीन-चार. पावसात शिवण भिजली की फुटला.

१८४८च्या सुमारास गटापार्चा आला. मलायातल्या झाडाचा चीक. पट्टी कापायची, गरम पाण्यात मऊ करायची, तळहातावर लाडू वळतो तशी वळायची, थंड पाण्यात टाकायची. काही आठवडे-महिने मुरू द्यायचा, मग रंग. वजन २७-२८ पेनीवेट, म्हणजे ४२ ते ४४ ग्रॅम. किंमत साधारण एक शिलिंग. ठेचला तर पुन्हा गरम करून वळा. खोट दोन. गुळगुळीत नवा बॉल हवेत थोडं जाऊन खाली कोसळायचा, कारण गुळगुळीत पृष्ठावरून हवा लवकर सुटते. वापरून चरे पडलेला जास्त लांब जातो हे कॅडींच्या लक्षात आलं, मग हातोडीच्या धारेनं मुद्दाम खाचा पाडू लागले. दुसरी खोट थंडीची. गारठ्यात बॉल कडक होऊन फटक्यासरशी तुकडे. नियमच होता: सर्वांत मोठा तुकडा जिथे पडला तिथे नवा बॉल ठेवा.

आता कथेशी संबंध. ॲलन रॉबर्टसन हे सेंट अँड्रूजचे पिसाच्या बॉलचे मोठे कारागीर, थोरले टॉम त्यांच्याकडे कामाला. टॉम गुट्टीनं, म्हणजे गटापार्चाच्या बॉलनं, खेळताना सापडले, दोघांचं फाटलं, आणि १८५१ साली टॉम बिऱ्हाड उचलून प्रेस्टविकला गेले. तिथे त्यांनी १२ होल आखले. त्याच मैदानावर पोरगं वाढलं आणि त्याच मैदानावर बेल्ट जिंकला. गुट्टी नसती तर हे काहीच नसतं.

अवांतर: रूट कॅनॉल केलेल्या बहुतेकांच्या दातात आज गटापार्चाच भरलेला असतो. आणि १८७० साली मुंबईच्या किनाऱ्याला जी समुद्री तारेची केबल लागली तिचं आवरणही त्याचंच. म्हणजे टॉमीनं बेल्ट घरी नेला त्याच वर्षी.

मधलाच_मुद्दा

गुट्टी२८, माहिती झकास, पण हे सगळं दोन तासांत बसवलं तर तो चित्रपट न राहता कारखान्याची सहल होईल. लाडू वळण्याचा एक शॉट पुरे.

गुट्टी२८

एकच शॉट मागतोय. गरम पाण्यात बुडलेली बापाची बोटं आणि बाजूला उभा पोरगा. संवादसुद्धा नको.

शाफ्ट_हिकरी

दोन्ही बाजूंना एक प्रश्न. समजा गोल्फ जास्त दाखवायचं ठरलं, तर नटाकडून ते होणार कसं? अडचण तिथे आहे.

आजचा प्रशिक्षक शिकवतो: बोटं एकमेकांवर चढवून पकड, डावा हात सरळ, शेवटी छाती लक्ष्याकडे करून फोटोपुरतं थांबा. १८७० साली यातलं काहीच नाही. ती बोटं चढवायची पकड रूढ झाली १८९०च्या दशकात. त्याआधी दहाही बोटं दांड्यावर, तळहातात घट्ट, बॅट धरल्यासारखी. अंगात घट्ट ट्वीडचा कोट, खांदे वर जात नाहीत, म्हणून स्विंग अंगाभोवती आडवा फिरतो. डावी टाच उचललेली, उजवं कोपर पाखरासारखं उडालेलं.

क्लब म्हणजे बॉल मारायची काठीही वेगळी. बीच लाकडाचं लांबट डोकं, मागे खोबणीत ओतलेलं शिसं, तळाच्या कडेला शिंगाची पट्टी, आणि दांडा डोक्यात भोक पाडून न बसवता तिरकस कापून चिकटवलेला, वरून डांबर लावलेल्या दोऱ्यानं गुंडाळलेला. हिकरीचा दांडा पिळतो. वरून खाली घाईनं ओढला तर डोकं मागे राहतं, तोंड उघडं पडतं, बॉल उजवीकडे. म्हणून लय संथ हवी. पण टॉमी संथ नव्हता. इतक्या जोरानं मारायचा की डोक्यावरची ग्लेनगॅरी टोपी उडायची, आणि फटक्याआधी नुसता क्लब हलवताना दांडे मोडायचा असं सांगतात. हा विरोधाभास नटाला दोन-चार महिन्यांत शिकवणं अवघड आहे. दिग्दर्शकानं कॅमेरा चेहऱ्यावर नेला तर मी त्याला दोष देणार नाही.

असे चित्रपट बघताना तपासायच्या जागाही सांगतो. कॅडीच्या खांद्यावर पिशवी दिसली तर चूक, तेव्हा सात-आठ क्लब काखेत सुटेच न्यायचे. बॉल लाकडी खुंटीवर दिसला तर चूक, ओल्या वाळूची चिमूटभर ढेकळी करून त्यावर ठेवायचे. ती वाळू बहुतेक वेळा आधीच्या होलमधूनच उपसायचे, त्यामुळे दिवसभरात होल कोपरभर खोल. आणि गवत. कापणारी मेंढरं आणि ससे, त्यामुळे हिरवे-फिके पट्टे दिसले की समजा, यंत्र फिरलंय.

रटआयर्न

हा प्रतिसाद माझ्याच बाजूनं जातोय बहुतेक.

शाफ्ट_हिकरी

अर्धाच. तुमच्या सदस्यनामावरूनच उरलेला अर्धा सांगतो. रट आयर्न म्हणजे गाडीच्या चाकोरीत अडकलेला बॉल काढायचा लोखंडी क्लब, डोकं जेमतेम बॉलपेक्षा थोडं मोठं आणि खोलगट. बाकीचे तो नाइलाज म्हणून काढायचे. ग्रीनकडे (होलभोवतीच्या बारीक गवताकडे) जाताना ते बॉल सरपटवायचे, वाटेत खड्डा लागला तर नशीब. टॉमीनं त्याच क्लबनं बॉल उंच उचलून ग्रीनवर टाकायचा आणि उलट्या फिरकीनं जागीच थांबवायचा, हे रोजचं हत्यार केलं. डोकं इतकं लहान की अर्धा इंच चुकला तर बॉल कुठेही. हे दाखवायला पूर्ण स्विंग लागत नाही, अर्धा पुरतो, आणि अर्धा स्विंग नटाला शिकवता येतो. धागाकर्त्यांचा मुद्दा मला इथे पटतो.

फोर्थचा_खलाशी

सगळे गवतात शिरलात. खरा वाद तारेचा आहे.

सप्टेंबर १८७५, नॉर्थ बेरिक. मॉरिस बापलेक विरुद्ध विली आणि मंगो हे पार्क बंधू. दोन होल बाकी असताना तार येते: टॉमीची बायको मार्गारेट अवघड बाळंतपणात. सामना पूर्ण होतो, मॉरिस जिंकतात, मग होडीनं सेंट अँड्रूजकडे निघतात. पोचण्याआधीच आई आणि बाळ दोन्ही गेलेले. यावरून बापाला पिंजऱ्यात उभं करणं फार सोपं आहे, आणि चित्रपटानं त्या बाजूला कल दिलाय असं मला वाटतं.

हिशोब करा. मॅच-प्लेमधले (होलागणिक हारजीत मोजायच्या सामन्यातले) दोन होल म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. समोर फोर्थची खाडी. फोर्थचा पूल झाला १८९० साली, तेव्हा रेल्वेनं जायचं तर आधी एडिंबरा, मग फेरी, मग पुन्हा गाडी. शिडाच्या होडीला तास लागतात आणि तेही वाऱ्याच्या मर्जीनं. पंचवीस मिनिटांनी काही बदललं नसतं.

रटआयर्न

वेळापत्रकानं बदललं नसतं, मान्य. पण मुलाच्या दृष्टीनं? पैज पूर्ण करायची कारण साहेबांचे पैसे लागलेत, ही सवय बापाच्या हाडात मुरलेली. ते पंचवीस मिनिटं नाहीत, चाळीस वर्षं आहेत. दिग्दर्शकानं घड्याळ न बघता हे बघितलं.

मधलाच_मुद्दा

आणि 'दुःखानं मेला' हे? शवविच्छेदनात फुप्फुसातली रक्तवाहिनी फुटल्याचं निघालं होतं.

फोर्थचा_खलाशी

बरोबर. मात्र त्याआधीचा सामनाही मोजा. त्याच हिवाळ्यात आर्थर मोल्सवर्थ या हौशी खेळाडूविरुद्ध सहा दिवस, रोज ३६ होल, बर्फात. ग्रीन झाडून काढायचे, बॉल लाल रंगवायचे. जिंकला, पण त्या थंडीत गुट्टीची काय गत होते ते वर आलंच आहे, माणसाची वेगळी सांगायला नको. थोरले टॉम स्वतः म्हणायचे की काळीज फुटून माणूस मरत असता तर मीही इथे नसतो. ते १९०८पर्यंत जगले, बायको आणि सगळी मुलं आधी गेली.

बेल्टधारी

तारेबद्दल मत बदलतो, तो प्रसंग खेळापेक्षा मोठा आहे. २०० यार्डांवरून होलमध्ये गेलेल्या बॉलबद्दल मात्र नाही. ५३० मीटरचं वाळूचं रान, टोपी उडालेली, आणि बॉल गेला कुठे हे कोणालाच दिसलेलं नाही. सगळे चालत होलपर्यंत जातात. यात नटाला स्विंगसुद्धा लागत नाही, नुसतं चालायचं आहे.

शाफ्ट_हिकरी

हा शॉट मी तिकीट काढून बघेन.

गुट्टी२८

धाग्यात एक दुरुस्ती हवी. १८७२ साली क्लॅरेट जग तयारच नव्हता. बेल्ट टॉमीकडे गेल्यावर प्रेस्टविक, सेंट अँड्रूजचा रॉयल अँड एन्शन्ट आणि एडिंबराची ऑनरेबल कंपनी या तीन क्लबांनी दहा-दहा पौंड घालून तो बनवायला टाकला. १८७२ला टॉमीला पदक मिळालं. जग प्रत्यक्ष हातात घेणारा पहिला विजेता १८७३चा टॉम किड. जगावर कोरलेलं पहिलं नाव मात्र टॉमीचं. 'उंचावला' तेवढं काढा.

बेल्टधारी

खरंय, माझी चूक. संपादनाची मुदत संपलीय, त्यामुळे ते वाक्य वर तसंच राहील.