एअर रिसीव्हरच्या शेलला फॅक्टर ऑफ सेफ्टी वरून वेगळा लावायचा का?

नवखा_डिझाइनर:
हिंगणा एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये नुकताच लागलोय. एअर रिसीव्हर (दाबातली हवा साठवायची टाकी) आहे, आयडी म्हणजे आतला व्यास १००० मिमी, शेल (मधला नळकांडी भाग) २ मीटर, डिझाइन प्रेशर १० बार, प्लेट एसए ५१६ ग्रेड ७०, स्पॉट रेडिओग्राफी (वेल्डचा काही ठिकाणीच एक्स-रे) म्हणून ई (जॉइंट एफिशियन्सी) ०.८५, करोजन अलाउन्स (गंजासाठी जादा जाडी) १.५ मिमी. एएसएमई डिव्हिजन १ (प्रेशर व्हेसलचा अमेरिकन कोड) चा नेहमीचा जाडीचा फॉर्म्युला लावला (दाब × त्रिज्या ÷ (एस × ई − ०.६ × दाब)), एस म्हणजे प्लेटला चालणारा ताण, ४.३ मिमी आले, करोजन धरून ५.८, म्हणजे ६ ची प्लेट. पण कस्टमरच्या स्पेकमध्ये "फॅक्टर ऑफ सेफ्टी ४" लिहिलंय अन् आमचे सर म्हणतात ४.३ ला ४ नं गुण अन् मोकळा हो. तसं केलं तर २० ची प्लेट लागते, नुसत्या शेलचं वजन ३०० किलोवरून टनभर जातं. काय करू?

रोलिंगवाला_दादा:
काऊन गुणून राहिला भाऊ? तू घेतलेला एस १३८ आला कुठून ते पाह्य ना आधी. टेन्साइल (ज्या ताणाला प्लेट तुटते) ४८५ एमपीए, भागिले ३.५, झाले १३८. यील्ड (ज्या ताणाला कायमची ताणली जाते) २६० भागिले १.५ केलं तर १७३ येते, दोन्हीतला कमी तो घ्यायचा. म्हणजे सेफ्टी आतच बसलेली आहे, वरून ४ लावले की १४ पट, अन् त्या १४ पटीचे पैसे कोण देते? २० ची प्लेट रोल करायला आमच्या मशीनची हालत होते ते वेगळंच.

स्टॅटिक_इक्विपमेंट:
दादा बरोबर आहेत. तो ४ बहुतेक जुन्या कोडातून आलाय, डिव्हिजन १ मध्ये १९९९ पर्यंत टेन्साइलवर ४ च होता, मग ३.५ झाला, आणि खूप स्पेक अजून जुन्याच कॉपी-पेस्ट चालतात. कस्टमरला खरंच ४ हवा असेल तर तो एस मध्ये लावायचा, ४८५/४ म्हणजे १२१. जाडी ४.९, अधिक १.५, एकूण ६.४, म्हणजे ८ ची प्लेट. गुणाकार नाही करायचा. आणि सरांशी वाद घालत बसू नको, कस्टमरलाच मेल टाक की हा ४ टेन्साइलवर आहे का, लेखी उत्तर घे.

ऑरेंज_सिटी_७४:
मेल कशाला, ३.५ भागिले ०.८५ केलं तर ४.१ येते, ६ मध्येच ४ मिळाला की

स्टॅटिक_इक्विपमेंट:
नाही हो. ०.८५ ही सेफ्टी नाही, ज्या वेल्डचा फोटो काढलाच नाही त्याच्यात काय दडलंय ते माहीत नसल्याची किंमत आहे ती. ती मार्जिन म्हणून मोजली तर रेडिओग्राफी जितकी कमी तितकं भांडं सेफ असं होईल 😄 रेडिओग्राफी अजिबात नाही केली तर डबल वेल्डेड बट जॉइंटला ई ०.७ घ्यावा लागतो, मग ३.५ वरच ६.७ येते, म्हणजे तिथेही ८ च. फिल्मचे पैसे वाचवायला जाता आणि प्लेटमध्ये देता.

रोलिंगवाला_दादा:
अन् डिश एंड (टोकांची फुगीर झाकणं) विसरू नको रे, फॉर्मिंगमध्ये नकलजवळ, म्हणजे कडेच्या वळणावर, प्लेट पातळ होते, त्यामुळे शेलपेक्षा जाड मागवाव लागते बरेचदा. आल्यावर नकलवर अल्ट्रासॉनिकनं जाडी मोजून घे, डिशवाल्याच्या कागदावर जाऊ नको.

नवखा_डिझाइनर:
धन्यवाद दादा, मॅडम. कस्टमरचं उत्तर आलं, टेन्साइलवरच ४ पाहिजे म्हणे, म्हणजे ८. सर पण मानले, वजन दाखवल्यावर. आता कस्टमरचा माणूस विचारून राहिला की ८ लावताय तर १२ बारला चालवू का? अन् मे महिन्यात शेडबाहेर ४६-४७ डिग्रीत राहील, त्याचं काही?

स्टॅटिक_इक्विपमेंट:
उन्हाचं टेन्शन नको, या प्लेटचा १३८ दोनशे डिग्रीलाही तेवढाच राहतो. १२ बारला मात्र साफ नाही सांग. शेल पुरेल कदाचित, पण डिश एंड, नोझल, मॅनहोल, फ्लँज सगळं १० ला काढलंय, सगळ्यात कमजोर भाग जेवढं घेतो तेवढंच भांड्याचं प्रेशर. नेमप्लेटवर १०, सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीत जास्त १० ला सेट, हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) १३ ला.