मदत हवी आहे: जनुकांवरून एखाद्या व्यक्तीच्या गुन्हेगारीचे भाकीत करता येते का?

एका परिसंवादासाठी टिपण तयार करताना मी पुढील मुद्द्यावर अडलो आहे. १९९३ साली आनुवंशशास्त्रज्ञ ब्रुनर आणि सहकाऱ्यांनी एका डच कुटुंबातील आक्रमक पुरुषांमध्ये एमएओए जनुक (मेंदूतील संदेशवाहक रसायनांचे विघटन करणारे विकर बनवणारे) पूर्णपणे निकामी असल्याचे दाखवले. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरातील मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या अभ्यासाच्या २००२ च्या निबंधात मात्र याच जनुकाच्या कमी सक्रिय रूपाचा समाजविघातक वर्तनाशी संबंध प्रामुख्याने बालपणी छळ झालेल्या पुरुषांत आढळला. (पहिला प्रकार अतिदुर्मिळ, दुसरा सर्रास आढळणारा, लोकप्रिय लेखांत दोहोंची सरमिसळ होते, हे मला खटकते.) जुळ्यांच्या अभ्यासांतून अशा वर्तनाची आनुवंशिकता (माणसामाणसांतील फरकांत जनुकांचा वाटा) सुमारे ५० टक्के निघते, परंतु हा आकडा लोकसमूहातील फरकांविषयी आहे, एकट्या माणसाविषयी नव्हे, एवढे मला समजले आहे.

वरील दोन्ही मूळ शोधनिबंध मी वाचले आहेत, त्यामुळे प्राथमिक ओळख करून देणारे लेख नकोत. शिक्षा सौम्य व्हावी म्हणून न्यायालयात असा पुरावा मांडला जातो, तो प्रश्नही येथे बाजूला ठेवावा. माझे सांख्यिकीचे ज्ञान पदवीपुरतेच आहे.

वय, लिंग आणि कौटुंबिक परिस्थिती आधीच ठाऊक असताना, हजारो जनुकीय फरकांची बेरीज करून काढलेला बहुजनुकीय गुणांक एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयीच्या भाकितात उपयुक्त भर घालतो का, आणि ती भर कोणत्या मापाने मोजावी?