देवाच्या आज्ञा म्हणजे नुसती बंधनंच का?

म्हापशेकर: बायबल स्टडीत सध्या दहा आज्ञा चालू आहेत. खरं सांगू, हे करू नको ते करू नको ऐकून डोकं उठतं. मित्र शनिवारी बागा-कळंगुटला मजा करतात नि आम्ही नियम पाठ करतोय. देवाला आपल्या मजेचं एवढं काय वावडं?

फोंड्याची ताई: अरे बाबा, बायबलमधल्या 'अनुवाद' पुस्तकातलं २२:८ वाच. नवीन घर बांधलंस तर धाब्याला, म्हणजे सपाट छपराला, कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेलं तर दोष तुझ्या घरावर येणार नाही. तिकडे इस्राएलात त्या छपरावर लोकांची उठबस असायची, आता कठडा नसता तर पहिलं घरातलंच पोर खाली गेलं असतं ना. यात मजा कुठे गेली तुझी?

डिचोलीकर: ताईला +१. आणि त्याच पुस्तकातलं २४:६ पण बघ, कर्जापोटी कोणाचं जातं गहाण ठेवून घ्यायचं नाही, कारण जातं गेलं की पीठ बंद, घर उपाशी. शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, सुट्टी तर नोकर नि गुराढोरांना पण होती, जे इस्राएली लोक मिसरात (इजिप्तमधे) गुलामी करून आले त्यांना ही केवढी चैन!

म्हापशेकर: हे पटलं. पण बायबलच्याच 'लेवीय' पुस्तकात १९:१९ मधे दोन जातीच्या धाग्यांचं कापड नको म्हटलंय, त्यात कसलं संरक्षण?

फोंड्याची ताई: ते मलाही नीट सांगता येणार नाही, उगाच ओढूनताणून अर्थ लावत नाही 😄 पण दहा आज्ञा जिथे आहेत त्या 'निर्गम' पुस्तकाच्या २० व्या अध्यायाची सुरुवात बघ, आधी 'तुला दास्यातून बाहेर आणलं' आणि मग आज्ञा. सोडवलं आधी, नियम नंतर.