अनुभव धागा: कॅसिनोशेजारचं गाव (मिसिसिपी आणि आसपास)

अमेरिकेच्या दक्षिणेत, त्यातही मिसिसिपीच्या खेड्यापाड्यांत राहिलेल्यांसाठी हा धागा. किती जिंकलात, किती घालवलेत ते नको. शेजारी कॅसिनो आल्यावर गावाचं काय झालं, तेवढं लिहा. मेम्फिसजवळची टुनिका काउंटी (म्हणजे जिल्हा) पाहिलेले बरेच जण इथे आहेत, सुरुवात त्यांनीच करा.

मेम्फिस (टेनेसी), फेडेक्सच्या कामावर
आम्हा देशी मंडळींना टुनिका म्हणजे शनिवारचा बुफे. मी मूळचा यवतमाळचा, त्यामुळे माझं लक्ष आधी कापसाकडे गेलं. राज्याचा १९९० चा कायदा म्हणे, कॅसिनो पाण्यावरच हवा. मग रानात खड्डा खणायचा, नदीचं पाणी आत घ्यायचं, त्यावर तराफा ठेवायचा, झाली बोट! आत गेलं की पाणी कुठे दिसतंय? पहिला कॅसिनो १९९२ चा. त्याच्या सात वर्षं आधी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे नेते जेसी जॅक्सन इथल्या शुगर डिच वस्तीतलं उघडं गटार पाहून 'अमेरिकेचा इथिओपिया' म्हणाले होते. पुढे ६१ नंबरचा हायवे चौपदरी झाला. पण कॅसिनो गावाच्या बरेच अलीकडे, मेम्फिसच्या बाजूला. आम्ही तिथूनच वळायचो. टुनिकाच्या बाजारपेठेत आमच्यापैकी कुणी कधी चहासुद्धा प्यायला नसेल.

डेल्टातला दवाखाना (डेल्टा म्हणजे मिसिसिपीचा कापूसपट्टा, टुनिका त्यातच), व्हिसाच्या अटीपायी तिथे डॉक्टर
माझे पेशंट पत्ते वाटणारे, भटारखान्यातले, खोल्या साफ करणाऱ्या बायका. बीपीची गोळी "सकाळी घ्या" म्हटलं की विचारायच्या, कुठली सकाळ? शिफ्ट पहाटे सुटायची. नातवंडं आजीकडे, आणि आजीही कॅसिनोत असेल तर शेजारणीकडे. चर्चमध्ये रविवारी दारात उभं राहून लोकांना बसवणारेच ड्यूटीवर, म्हणून पाद्रीबुवा कुरकुरायचे. जुगाराबद्दलही बोलायचे, पण जरा बेतानेच. दानपेटीतले पैसे तिथूनच येत होते ना.

तरीही मी कॅसिनोला सरसकट नावं ठेवणार नाही. आयुष्यभर कापूस खुरपलेल्या घरांत पहिल्यांदाच आरोग्यविम्याचं कार्ड आलेलं मी पाहिलंय. आणि जातानाही पाहिलंय. २०१४ मध्ये तिथला सर्वांत मोठा कॅसिनो बंद झाला, हजाराच्या आसपास नोकऱ्या गेल्या. नंतर बायका इन्शुलिन पुरवून पुरवून वापरायला लागल्या. हे त्या स्वतःहून सांगत नसत, रिपोर्टात दिसायचं. कापसाकडे परत जाणंही शक्य नव्हतं, वेचणीला केव्हाच यंत्रं आली होती. बरेच जण मेम्फिसच्या गोदामांत लागले.

मुलगी डेल्टात शिक्षिका होती
वरच्यात शाळांची भर घालते. कॅसिनोच्या करातून टुनिकात अरीना झाला, गोल्फ कोर्स झालं, विमानतळ वाढला. सरकारी शाळा मात्र २०१५ मध्ये राज्याने ताब्यात घेतल्या. डेल्टात गोऱ्यांची मुलं साठ-सत्तरच्या दशकांत, काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एक करायची वेळ आल्यावर निघालेल्या खासगी अकादम्यांत जातात, सरकारी वर्गांत बहुतेक सगळी काळी मुलं. पैसा आला म्हणून ही विभागणी हलली नाही. ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीत, त्यांना शाळेची घाई कशाला असेल?

स्टार्कव्हिल, विद्यार्थी
सगळीकडे टुनिकासारखंच होतं असं नाही. फिलाडेल्फियाजवळचा (मिसिसिपीतल्या!) कॅसिनो चॉक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीच्या मालकीचा आहे, १९९४ पासून. त्याआधीच जमातीचे प्रमुख फिलिप मार्टिन यांनी मोटारींच्या वायरिंगचे वगैरे कारखाने उभे केले होते, म्हणजे सगळी भिस्त जुगारावर नव्हती. माझ्या लॅबमधल्या चॉक्टॉ मुलाची फी जमात भरायची. जुलैच्या जत्रेत तो आम्हाला स्टिकबॉल (काठ्यांनी चेंडू खेळायचा त्यांचा पारंपरिक खेळ) बघायला घेऊन गेला. हेल्मेट नाही, पॅड नाहीत, भयंकर खेळ.

बिलॉक्सी (मिसिसिपीचा समुद्रकिनारा)
आमच्याकडे २००५ च्या कतरिना चक्रीवादळाने कॅसिनोंचे तराफे उचलून रस्त्यापलीकडे टाकले. मग काही आठवड्यांतच कायदा बदलून किनाऱ्यावर ८०० फूट आतपर्यंत बांधायला परवानगी मिळाली. घरं वाहून गेलेल्यांची कामं एवढ्या झपाट्याने झाली नाहीत.

जर्मनटाउन, टेनेसी
डॉक्टर, तुमच्यानंतरचं सांगतो. २०१९ मध्ये टुनिकातले आणखी दोन बंद झाले. २०१८ च्या मतदानात नदीपलीकडच्या आर्कान्सा राज्याने कॅसिनोंना परवानगी दिली, त्यामुळे आता मेम्फिसहून नदीवरचा पूल ओलांडला की आर्कान्सातल्या वेस्ट मेम्फिसचा कॅसिनो. पाहुणे आले की आम्ही तिकडेच नेतो. बुफे बरा आहे.