मदत हवी आहे: पहिली कादंबरी स्वतःच छापायची आहे

नमस्कार मंडळी, मी कळव्याची. सहा वर्षं रात्री जागून लिहिलेली माझी पहिली कादंबरी पूर्ण झाली. एक प्रकाशक तयार होते, पण ३०० प्रती मीच विकत घ्यायच्या, ही अट. म्हणून स्वतःच छापायचं ठरवलं.

डेमी आकार (कादंबऱ्यांचा नेहमीचा), २४० पानं, म्हणजे सोळा पानी १५ फॉर्म (एकत्र छापून दुमडलेले पानांचे संच). आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो; त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला नाहीच म्हटलं. खरी अडचण विक्रीची. मला भेटलेला वितरक निम्मं कमिशन मागतो, न खपलेल्या प्रती परत. किंमत ३०० ठेवली तर हाती १५०, त्यातच कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी. मुद्रितशोधनात मात्र काटकसर करायची नाही. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांनी भरलेलं पुस्तक मला वाचकाच्या हाती द्यायचं नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: पहिल्यांदा डिजिटलवर (थेट संगणकावरून छपाई) १०० प्रती काढाव्यात की ऑफसेटवर (प्लेट बनवून छपाई) ५००? ऑफसेटला प्रत स्वस्त पडते, पण गठ्ठे घरात ठेवायचे कुठे? ठाणे-डोंबिवलीत कोणते दुकानदार नवख्या लेखकाच्या प्रती ठेवून घेतात, हिशेब वेळेवर देतात? आणि कादंबरीचा चांगला मुद्रितशोधक कोणी सुचवाल का? दिवाळीआधी पुस्तक हातात हवं आहे.